बाळाचा स्नानसंस्कार करायचाय, तयारी कशी करू? (भुसावळ-जळगाव-धुळ्याकडच्यांनी जरूर सांगा)

भुसावळची_सून

जय येशू सगळ्यांना. मी इथे वाचत असते नेहमी पण धागा पहिल्यांदाच काढतेय. आमचा मुलगा दोन महिन्यांचा झालाय आणि त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, करायचाय. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, तिकडे सगळं आपोआप होतं, आई फादरांना जाऊन भेटते, मामा-मावश्या जमतात, दोन्हीकडचं गाव ओळखीचं असतं. इथे सासर भुसावळला आणि सासरचे अलायन्स मंडळीचे (प्रोटेस्टंट), कॅथलिक नाहीत. लग्न आमचं माझ्या धर्मग्रामात (माहेरच्या भागाच्या चर्चमध्ये, पॅरिशमध्ये) झालं, मिश्रविवाहाची परवानगी रीतसर घेतलेली आणि मी सही करून वचन दिलंय की मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा आणि ती त्याच श्रद्धेत वाढावीत म्हणून मला शक्य आहे ते सगळं करेन. नवऱ्याला तेव्हाच सगळं माहीत होतं, त्याची काही ना नाही.

प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या म्हणतात तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी ओतून काय होणार, त्याला काय कळतंय, आमच्यात लेकराचं अर्पण करतात आणि बाप्तिस्मा मोठा झाल्यावर, तो स्वतः येशूला कबूल करेल तेव्हा. घरात भांडण अजिबात नाही, उलट माझं बाळंतपण त्यांनीच केलं, रात्र रात्र जागल्या, म्हणून तर जास्त जड जातंय. त्यांना दुखवायचं नाही आणि दिलेलं वचनही मोडायचं नाही.

बाकीचे प्रश्न एकदमच लिहिते: कागदपत्रं काय लागतात, नणंद धर्ममाता (गॉडमदर) होऊ शकते का (ती अलायन्सचीच), माझा धाकटा भाऊ दहावीत आहे तो धर्मपिता चालेल का, बारसं घरी झालंय तर नाव तेच राहतं का की सांताचं (संताचं) वेगळं ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात करावं की पाऊस पडेपर्यंत थांबावं.

रेल्वेकॉलनी

अभिनंदन ताई, बाळाला खूप आशीर्वाद. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणकार सांगतील. भुसावळचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, दुपारच्या वेळी तान्हं लेकरू घेऊन चर्चमध्ये अजिबात जाऊ नका. मे मध्येच करायचं असेल तर सकाळी लवकरच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) किंवा मग संध्याकाळी उशिरा. तो पांढरा झगा बाजारात मिळतो ना सॅटिनचा, नेटवाला, तो घेऊ नका, मलमलचा किंवा साध्या सुती कापडाचा शिवून घ्या. आमच्या कॉलनीत गोव्याचे, तमिळ, केरळचे, अँग्लो-इंडियन सगळे मिळून राहिलो, प्रत्येकाची झगा आणि केकची तऱ्हा वेगळी, पण उन्हात रडून रडून लाल झालेलं लेकरू सगळ्यांचं सारखंच.

तापीकाठचा

ताई, मी आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये बरीच वर्षं आहे आणि आईबापांच्या तयारीच्या वर्गाला फादरांना मदत करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एकच सांगतो, हॉल, केक, झगा, जेवण हे सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा तुम्ही दोघं नवराबायको जाऊन फादरांना भेटा. फोनवर तारीख मागणारे पुष्कळ असतात, फादर तारीख देतातही, पण मग तयारी राहून जाते. चर्चच्या कायद्यातच लिहिलंय की आईबाप आणि धर्म आईबाप या दोघांनाही संस्काराचा अर्थ आणि त्याची जबाबदारी नीट समजावून सांगायची. तो वर्ग म्हणजे परीक्षा नव्हे. मी वर्गात लोकांना एवढंच विचारतो, घरात रात्रीची प्रार्थना कोण सुरू करणार. त्यावर नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. लेकराला श्रद्धा आपण पाजतो. ज्या घरात कोणी क्रुसाची खूण करत नाही त्या घरात लेकराने ती कुठून शिकायची.

कागदपत्रं म्हणाल तर बाळाचा जन्मदाखला, तुमचा चर्चमधला लग्नाचा दाखला, तुमचा स्वतःचा बाप्तिस्म्याचा दाखला (श्रीरामपूरकडच्या धर्मग्रामातून मागवून घ्या, त्याला वेळ लागतो म्हणून आजच फोन करा), आणि धर्म आईबाप दुसऱ्या धर्मग्रामातले असतील तर त्यांच्या फादरांचं पत्र. प्रत्येक पॅरिशमध्ये थोडा फरक असतो, ऑफिसात विचारून घ्या. आपला सगळा खान्देश नाशिक धर्मप्रांतात (नाशिकच्या बिशपांच्या हद्दीत) येतो आणि तुमचं श्रीरामपूरही त्यातच, त्यामुळे पत्रव्यवहार सोपा आहे.

धर्म आईबापांचे नियम असे. एक असला तरी चालतो, दोन असतील तर एक पुरुष एक बाई, दोन पुरुष किंवा दोन बायका नाही. वय १६ पूर्ण पाहिजे. कॅथलिक, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर घेणं) आणि दृढीकरण (बिशपांच्या हातून श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेले पाहिजेत. आणि स्वतःचे आईवडील होऊ शकत नाहीत. भाऊ दहावीत म्हणजे १५ चा असणार, फादर योग्य कारण असेल तर वयात सवलत देऊ शकतात पण माझं मत विचाराल तर मागू नका, मोठं कोणी बघा. दृढीकरणाचं मात्र आधीच विचारून ठेवा, आपल्या भागात बिशप दृढीकरणाला येतात तेव्हा कोणी परगावी असतं, कोणाची परीक्षा असते, ते राहून जातं आणि तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला पण ऐनवेळी आठवतं की आपलं झालेलंच नाही.

नणंदेबद्दल. ती धर्ममाता होऊ शकत नाही पण साक्षीदार म्हणून नक्की उभी राहू शकते, अट एवढीच की तिचा बाप्तिस्मा झालेला असावा आणि शेजारी एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असावी. हे मागच्या दाराने केलेलं काही नाही, कायद्यातच जागा दिलेली आहे. सासरचं माणूस बाळाजवळ उभं राहील, सासूबाईंनाही बरं वाटेल.

नाव तेच राहू द्या. सांताचंच नाव पाहिजे अशी सक्ती आता नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं एवढंच बघतात. सांताचं नाव जोडायची हौस असेल तर जोडा, चांगलंच आहे, लेकराला एक सोबती मिळतो. फक्त जन्मदाखल्यावर जे नाव आहे त्याचाच मेळ ठेवा.

सासूबाईंच्या प्रश्नावर उद्या लिहितो, ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

अहिरानी_माय

माय, तू काय काळजी करू नको. सासू जीव लावस ना तुले, मग बठ्ठं व्हई जाई. पोऱ्याले मना आशीर्वाद. आमना धुळाकडे पहिले बाळंतीण बाईले सव्वा महिना घरना बाहेर निंघू देत नव्हतात, लेकरूले आजी नाहीतर धर्ममायच चर्चमां लई जाये, माय घर बसेल ऱ्हाये. आते तसं नही. आते माय सवता पोऱ्याले लई उभी ऱ्हास, फादर तिले वेगळा आशीर्वाद देस. मले ते भलतं आवडस.

भुसावळची_सून

मावशी तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. सव्वा महिना तर आमच्याकडेही पाळला, सासूबाईंनी अंगाला तेल लावून शेक शेगडी सगळं केलं.

तापीकाठचा दादा खूप खूप आभार, उद्याची वाट बघतेय.

वचनप्रेमी_चाळीसगाव

नमस्कार. मी अलायन्स मंडळीचाच आहे आणि तुमच्या सासूबाई जे म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून त्यांच्या बाजूने थोडं लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे बाप्तिस्मा पाण्यात बुडवून होतो आणि जो घेतो त्याने आधी विश्वास धरलेला असावा असं आम्ही मानतो. मार्क १६:१६ मध्ये विश्वास आधी आहे, बाप्तिस्मा नंतर. लेकराचं अर्पण म्हणजे आईबापांनी मंडळीसमोर त्याला देवाच्या हाती देणं, पाळक त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सासूबाईंना तुमच्या चर्चबद्दल तिटकारा आहे असं समजू नका. त्यांना भीती वाटत असणार की हा मोठा झाल्यावर म्हणेल माझं तर झालंय सगळं, आणि स्वतः कधी देवाकडे वळणारच नाही. नावापुरते ख्रिस्ती झालेले लोक त्यांनी पाहिलेत, तुम्ही पण पाहिले असतील. ती भीती खरी आहे, तिला उत्तर द्या.

तापीकाठचा

वचनप्रेमी भाऊ, किती नीट मांडलंत, मनापासून धन्यवाद. मी याच्यावरच लिहिणार होतो.

ताई, कॅथलिक बाजूने असं आहे. आपण मानतो की बाप्तिस्म्यात पहिलं पाऊल देव टाकतो, आपण नाही. लेकराने काही कमावायच्या आधी, काही समजायच्या आधी त्याला कृपा मिळते, आणि म्हणूनच लेकराला थांबवून ठेवत नाहीत, कायदा सांगतो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच. प्रेषितांच्या कृत्यांत १६ व्या अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी आहे ना, त्याचा आणि त्याच्या घरच्या सगळ्यांचा त्याच रात्री बाप्तिस्मा झाला. घरात लेकरं होती असं तिथे लिहिलेलं नाही, पण घर अख्खं आलं हे लिहिलंय. आणि मार्क १० मध्ये शिष्य लेकरांना अडवत होते तेव्हा येशू त्यांच्यावर रागावला.

आता सासूबाईंची भीती. त्यांना सांगा की लेकराने स्वतः कबूल करायचं हे आपल्याकडेही सुटलेलं नाही. आज त्याच्या वतीने तुम्ही आणि धर्म आईबाप सैतानाचा त्याग करता, विश्वास कबूल करता. पुढे तो पहिलं कम्युनियन घेतो, आणि दृढीकरणाच्या वेळी बिशपांसमोर तीच बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. दर ईस्टरला आपण सगळेच ती पुन्हा म्हणतो. म्हणजे सासूबाईंना जे पाहिजे, नातवाने समजून उमजून येशूला हो म्हणणं, त्याचीच तर तयारी करायचीय पंधरा वर्षं, आणि त्यात आजीची मदत लागणारच. बायबल वाचायची सवय अलायन्सच्या घरात जितकी असते तितकी आपल्या बऱ्याच कॅथलिक घरांत नसते, हे मी अगदी आदराने लिहितोय. ती सवय आजीने नातवाला लावू द्या.

एक गोष्ट मात्र आत्ताच स्पष्ट बोलून घ्या, गोड बोलून पुढे ढकलू नका. बाप्तिस्मा एकदाच होतो. आज इथे पाणी घेतलं आणि अठराव्या वर्षी तिथे पुन्हा बुडवलं असं चालत नाही. कॅथलिक चर्चही दुसऱ्या मंडळीत पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने नीट झालेला बाप्तिस्मा मानतं, तो पुन्हा देत नाही. तुमच्या नवऱ्याचा झालेला असेल तर तोही असाच मानला जातो. अर्पणाची प्रार्थना ही वेगळी गोष्ट आहे, तो संस्कार नाही, त्याबद्दल फादरांना विचारा, पण नंतरच्या दुसऱ्या बाप्तिस्म्याबद्दल नवऱ्याने स्वतः आईशी बोलावं, सुनेने नाही.

वचनप्रेमी_चाळीसगाव

मला सगळं पटलं असं नाही दादा, पण "नवऱ्याने बोलावं" हे शंभर टक्के खरं.

नर्सताई_जळगाव

मी थोडं वेगळं लिहितेय, कोणाला घाबरवायचं नाही. मी लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं येतात, आणि ख्रिस्ती आईबाप असले की मध्यरात्री विचारतात सिस्टर फादर येतील का. फादर लांब असतात, कधी दुसऱ्या तालुक्यात असतात. अशा वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, आई, बाप, नर्स, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूस पण, फक्त चर्च जे करतं तेच करायचा हेतू मनात पाहिजे. साधं स्वच्छ पाणी, डोक्यावरून वाहिलं पाहिजे, आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. एवढंच. जॉर्डनचं पाणी, लूर्दचं पाणी असलं काही लागत नाही, नळाचं चालतं. आणि "मी" च म्हणायचं, "आम्ही" नाही, याबद्दल रोमने २०२० मध्ये मुद्दाम सांगितलं होतं की "आम्ही" म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही.

मी हे आईबापांना विचारूनच करते, कधीच त्यांच्या नकळत नाही. वॉर्मरखालच्या बाळाला कापूस भिजवून नुसता टेकवत नाही, सिरिंजने दोन थेंब का होईना कपाळावरून वाहू देते, डॉक्टरांना सांगून.

बाळ वाचलं, घरी गेलं, तर मग चर्चमध्ये न्यायचं आणि फादरांना सगळं सांगायचं. पाणी पुन्हा देत नाहीत, राहिलेलं सगळं करतात, ख्रिझमचं तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. आणि रजिस्टरला नोंद करून घ्यायची, ती राहू देऊ नका.

जे बाळ बाप्तिस्म्याआधीच जातं त्याच्या आईला कोणी नातेवाईक काहीबाही बोलतात, ते मी ऐकलंय आणि ते मला सहन होत नाही. चर्चच्या ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, की अशा लेकरांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. चर्च त्यांना देवाच्या दयेवर सोपवतं. अशा आईजवळ बसा, तिला दोष देऊ नका.

भुसावळची_सून

नर्सताई तुम्ही किती मोठं काम करता. हे मला माहीतच नव्हतं.

सातपुडा_पाडा

आमच्याकडे शहादा-धडगाव भागात वेगळं असतं ते सांगतो. पाड्यावर मिस्सा रोज काय दर रविवारी पण नसते, फादर फिरत फिरत येतात, त्यामुळे तयारी मास्तर घेतात म्हणजे आमचे धर्मशिक्षक. ते घरी येऊन बसतात, चुलीजवळ, आईबाप, आजोबा, शेजारचे सगळे ऐकतात, मराठीत सांगतात आणि मग आमच्या बोलीत. ईस्टरला एकदम पुष्कळ लेकरांचे होतात, ढोल वाजतो. धर्मपिता निवडताना आम्ही पैसेवाला बघत नाही, पाड्यातच राहणारा बघतो, जो उद्या लेकरू शाळेला दांडी मारेल तेव्हा कान धरेल. तुम्ही पण ताई मुंबई-पुण्याचा धर्मपिता ठेवू नका नुसता फोटोसाठी, जवळचा ठेवा.

एक विचारायचं होतं, आमच्या पोरांना शाळेत काही लोक सांगतात चर्चमध्ये नाव लागलं की जातीचा दाखला जाईल. हे खरं आहे का.

तापीकाठचा

सातपुडा दादा, धर्मपित्याबद्दल लाख बोललात.

दाखल्याबद्दल जे नक्की आहे तेवढंच लिहितो. अनुसूचित जमातीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही, त्यामुळे आदिवासी माणूस ख्रिस्ती असला म्हणून त्याचा जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातीच्या आदेशात मात्र धर्माची अट आहे, तिथे हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धरतात. दोन्ही गोष्टी लोक एकत्र करून सांगतात. तुमच्या पडताळणीच्या कामासाठी वकिलाला किंवा जाणकाराला कागद दाखवा. आणि बाप्तिस्मा लपवून घ्यायची गोष्ट नाही, रजिस्टर हे रजिस्टर असतं.

इथे मूळ विषय बाळाच्या तयारीचा आहे, दाखल्यावर जास्त चर्चा हवी असेल तर वेगळा धागा काढा.

नवा_बाप_रावेर

माझा पण प्रश्न आहे, इथेच विचारतो. आमचं लग्न रजिस्टर झालंय, चर्चमध्ये नाही. मी कॅथलिक, बायको हिंदू, लेवा पाटील घरातली. मुलगी झालीय. आई म्हणते तुमचं लग्नच चर्चमध्ये नाही तर फादर बाप्तिस्मा देणार नाहीत, म्हणून मी अजून गेलोच नाही चर्चकडे, लाज वाटते. बायकोची हरकत नाही, ती म्हणते तुझा देव तिला कळू दे.

तापीकाठचा

भाऊ, जा. आजच जा. आईबापांपैकी एकाची संमती पाहिजे आणि लेकरू कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा पाहिजे, अट एवढी आहे. आईबापांच्या लग्नाची शिक्षा लेकराला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जानेवारीत सिस्टाईन चॅपेलमध्ये ज्या लेकरांचे बाप्तिस्मे केले त्यात एका अशाच जोडप्याचं लेकरू होतं, फक्त नोंदणी विवाह झालेलं. फादर तुमच्या लग्नाचा विषय काढतील, काढायलाच पाहिजे, चर्चमध्ये ते लग्न रीतसर करून घ्यायचा मार्ग असतो, बायको बाप्तिस्मा न झालेली असेल तर त्यासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ते ओझं समजू नका. आणि बायकोने जे म्हटलं ना, ते फादरांना जसंच्या तसं सांगा.

रेल्वेकॉलनी

रावेरच्या भाऊ, आमच्या शेजाऱ्यांचं असंच होतं, लाजेपायी लेकरू सहा वर्षांचं झालं. सात वर्षं पूर्ण झाली की मग मोठ्या माणसासारखी धर्मशिक्षणाची तयारी लागते, तोवर थांबू नका.

नाशिकरोडकर

आमच्या इकडे बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत खान्देशातून गाड्या भरून लोक येतात आणि पुष्कळ जण विचारतात इथेच लेकराचा बाप्तिस्मा करू का, नवस आहे. हरेगावला मतमाऊलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेतही हेच विचारतात. नवस असेल तर यात्रेत लेकरू घेऊन या, मिस्सा ऐका, आशीर्वाद घ्या, पण बाप्तिस्मा आपल्याच धर्मग्रामात करावा असा नियम आहे, बाहेर करायचा तर कारण पाहिजे आणि आपल्या फादरांशी बोलून. त्यामागचा विचार मला पटतो, ज्या लोकांमध्ये लेकरू वाढणार त्यांनी त्याला आत घेताना बघितलं पाहिजे.

भुसावळची_सून

विधीत नेमकं काय काय होतं कोणी सांगेल का, सासरच्यांना आधी समजावून सांगायचंय म्हणजे तिथे अवघडल्यासारखं होणार नाही.

तापीकाठचा

चर्चच्या दारात सुरुवात होते. फादर विचारतात लेकराचं नाव काय, चर्चकडे काय मागता. तुम्ही नाव सांगता आणि म्हणता बाप्तिस्मा. मग फादर कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि पाठोपाठ आईबाप, धर्म आईबाप करतात. मग आत, शास्त्रवाचन, प्रार्थना, संतांची विनवणी, छातीला पहिलं तेल. मग कुंडाजवळ पाण्याला आशीर्वाद, तुमची वचनं, आणि पाणी तीनदा. नंतर टाळूवर ख्रिझम, ते सुगंधी तेल नाशिकच्या बिशपांनी पवित्र आठवड्याच्या मिस्सेत पवित्र केलेलं असतं आणि सगळ्या धर्मग्रामांत तेच जातं. मग पांढरं वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, ती बहुतेक बाप किंवा धर्मपिता पेटवतो. शेवटी हे आमच्या बापा, आणि आईला, बापाला आणि सगळ्यांना वेगवेगळे आशीर्वाद.

झग्याला समोरून बटण ठेवा, छातीला तेल लावायचं असतं आणि घट्ट गळ्याच्या झग्याने लेकरू वैतागतं. आणि भूक लागली तर तिथेच पाजा, कोणी काही बोलणार नाही, पोप फ्रान्सिस तर चॅपेलमध्ये आयांना स्वतः सांगायचे की लेकरू रडतंय तर पाजा.

एक सुचवतो. बाप्तिस्मा मिस्सेतच करायला पाहिजे असं नाही, मिस्सेबाहेर पण होतो, रविवारी संध्याकाळी. मिस्सेत शास्त्रवाचन कॅथलिक माणसाकडेच असतं, पण मिस्सेबाहेरच्या विधीत दुसऱ्या मंडळीच्या ख्रिस्ती माणसाला वाचन देता येतं, फादरांची परवानगी असेल तर. मार्क १० मधला लेकरांचा उतारा सासूबाईंना वाचायला द्याल का म्हणून फादरांना विचारून बघा. कम्युनियनच्या वेळी सासरच्यांनी बसून राहायचं, हा अवघडलेपणा पण टळेल.

अहिरानी_माय

हाई बेस सांगं भाऊ तू. आजीनं वाचेल पोऱ्याले जन्मभर पुरी.

केळीबाग_यावल

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. संस्काराची फी नसते. स्वेच्छेने दान देतात, धर्मप्रांताने ठरवलेलं काही असेल तर ते ऑफिसात सांगतात, पण गरिबीमुळे कोणाचा संस्कार अडता कामा नये हे चर्चच्या कायद्यातच आहे. कर्ज काढून हॉल घेऊ नका. आमच्याकडे मागच्या अंगणात वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी केली, गल्लीतले हिंदू-मुसलमान शेजारी सगळे जेवून गेले, बायकांनी मिळून बट्ट्या वळल्या. मामाने झगा आणला, धर्ममातेने बाळाला बायबल दिलं. सोन्याची चेन दिलीच पाहिजे असं काही नसतं, त्या चेनच्या पायी आमच्या ओळखीतल्या एका चांगल्या गरीब माणसाने धर्मपिता व्हायला नाही म्हटलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, तोच खरा योग्य होता.

नर्सताई_जळगाव

+१. आणि बाळाचे गालगुच्चे, पाप्या घेऊ देऊ नका जेवणाला आलेल्यांना. लस घेऊन एकदोन दिवस झालेले असतील तर तारीख थोडी पुढे घ्या, ताप येतो.

भुसावळची_सून

सगळ्यांना कळवते. आम्ही दोघं फादरांना भेटून आलो. त्यांनी सासूबाईंना पण घेऊन यायला सांगितलं, त्या आल्या, मला वाटलं वाद होईल, पण फादरांनी आधी त्यांनाच विचारलं तुम्ही नातवासाठी कोणती प्रार्थना करता, आणि त्या बोलत राहिल्या. नंतर नवऱ्याने घरी त्यांच्याशी दुसऱ्या बाप्तिस्म्याचं स्पष्ट बोलणं केलं. त्या म्हणाल्या मला पटत नाही पण तुम्ही वचन दिलंय तर वचन पाळा, वचन मोडलेलं देवाला चालत नाही. तेवढं मला पुष्कळ झालं.

पावसाळा लागल्यावरचा एक रविवार ठरलाय, संध्याकाळी, मिस्सेबाहेर. वाचनाला फादर हो म्हणाले, सासूबाईंनी स्वतःचं बायबल आणायचं का विचारलं, फादर म्हणाले सरावाला तेच ठेवा, त्या दिवशी चर्चमधलं वाचू. धर्ममाता माझी मावसबहीण, ती इथे जळगावलाच नोकरीला आहे आणि तिचं दृढीकरण झालंय, दाखला मागवला. धर्मपिता ठेवला नाही. नणंद साक्षीदार. भाऊ थोडा नाराज झाला, त्याला मेणबत्ती सांभाळायचं काम दिलंय.

शेवटचा प्रश्न, नणंदेचं नाव चर्चच्या रजिस्टरमध्ये येतं का? ती विचारतेय. आणि जन्मदाखल्यावर अजून बाळाचं नावच घातलेलं नाही, नुसतं आईबापाचं आहे, ते आधी करू का नंतर?

तापीकाठचा

फार आनंद झाला ताई वाचून.

नणंदेचं नाव येतं, रजिस्टरमध्ये बाळाचं नाव, आईबाप, धर्म आईबाप, साक्षीदार, विधी करणारे फादर, जन्माची आणि बाप्तिस्म्याची जागा आणि तारीख हे सगळं लिहितात. दाखल्याच्या छापील कागदावर साक्षीदाराचा वेगळा रकाना नसेल तर ऑफिसात सांगून लिहून घ्या.

जन्मदाखल्यावर नाव आधी घाला. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नगरपालिकेत विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेला जन्मदाखलाच लागतो, बाप्तिस्म्याचा दाखला त्या कामाला चालणार नाही. नगरपालिकेत नावाचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा आणि त्याची झेरॉक्स फादरांच्या ऑफिसात द्या, म्हणजे रजिस्टरला तेच अक्षरशः उतरेल. पुढे दृढीकरण, लग्न यांच्या नोंदी त्याच ओळीसमोर होतात.